किरणोपचार आणि केस : भीती कोठे रास्त, कोठे अनाठायी

अंजनवेल, वेलदूर, धोपावे, रानवी आणि गुहागर या परिसरातील जे रुग्ण कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबई, कोल्हापूर किंवा डेरवण येथे जातात, त्यांपैकी अनेकांची कागदपत्रे आपल्या रुग्णालयाच्या कार्यालयात तयार होतात. शिफारसपत्र, शासकीय योजनेचे अर्ज, रेल्वे सवलतीचा नमुना अशा कामांसाठी रुग्ण व त्यांचे नातेवाईक प्रशासकाच्या टेबलासमोर बसतात आणि जे प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचा संकोच वाटतो ते येथे विचारतात. त्यांत खर्चाचा प्रश्न असतोच; परंतु स्त्री-रुग्ण असेल तर खर्चाच्याही आधी, बहुधा नवरा किंवा मुलगा बाहेर गेल्यावर, हलक्या आवाजात एक प्रश्न येतो : "शेक घेतले की केस जातात ना?"

आपल्याकडे किरणोपचाराला कोणी 'शेक' म्हणतात, कोणी 'लाईट'. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकशास्त्राचा नव्हे. तथापि हा प्रश्न इतक्या वेळा कानी आला की त्याचे उत्तर जाणकारांकडून नीट समजून घेणे आणि ते या वार्षिक अहवालाच्या पानांवर मांडणे आवश्यक वाटले. अहवालातील ताळेबंद विश्वस्तांसाठी आणि देणगीदारांसाठी असतो. ही चार पाने रुग्णांच्या घरच्यांसाठी आहेत असे समजावे.

प्रश्नाचे उत्तर प्रथमच सांगतो. किरणोपचाराने केस जातात ते केवळ ज्या भागावर किरण पडतात त्याच भागाचे. डोक्यावर किरण दिले तर डोक्याचे केस जातील. छातीवर दिले तर डोक्यावरील एकही केस त्या कारणाने गळणार नाही. किरण रक्तात मिसळत नाहीत, शरीरभर फिरत नाहीत आणि यंत्र बंद झाल्यावर बाहेरून दिलेल्या किरणांचा अंशही अंगात शिल्लक राहत नाही. अशा रुग्णाने घरी येऊन नातवंडाला मांडीवर घेण्यास कोणतीही हरकत नाही, हेही येथेच नमूद करतो, कारण दुसरा नेहमीचा प्रश्न तोच असतो.

या एका वाक्याचा अर्थ आपल्या भागापुरता किती मोठा आहे ते पाहावे. ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा आणि स्तनाचा कर्करोग प्रामुख्याने आढळतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून चालू असलेल्या, देशातील पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने ही गोष्ट वर्षानुवर्षे दाखवून दिली आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या आपल्या दोन जिल्ह्यांत तपासणी शिबिरे घेतली, तीही स्त्रियांच्या बाबतीत याच रोगांवर आणि तोंडाच्या कर्करोगावर लक्ष ठेवून. या तिन्ही रोगांत किरणोपचाराचे स्थान मोठे आहे आणि तिन्हींत डोक्याचा वरचा भाग किरणांच्या वाटेत येत नाही. म्हणजे वेणी, अंबाडा जाईल या धास्तीने ज्या भगिनी किरणोपचाराला जाण्यास कचरतात, त्यांपैकी बहुसंख्य भगिनींची ही धास्ती निराधार असते.

गर्भाशयमुखाच्या रोगात किरण ओटीपोटावर दिले जातात. साधारणतः पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, आणि त्यानंतर आतून द्यावयाचे किरण. सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन नावाचे औषध शिरेतून देण्याची पद्धत आहे. या मात्रेत त्या औषधाने डोक्याचे केस सहसा जात नाहीत. फार तर थोडे विरळ होतात. गळतात ते ओटीपोटाखालचे केस, आणि ते कोणास दिसत नाहीत. तोंडाच्या कर्करोगात सहा-साडेसहा आठवडे गाल, जबडा व मान यांवर किरण पडतात. पुरुषांची दाढी त्या भागात येईनाशी होते, क्वचित मानेमागचे, केसांच्या कडेचे केस जातात. कारण किरण एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात आणि बाहेर पडतानाही वाटेवरील मुळांना लागतात. एखाद्या रुग्णाने मानेमागचे टक्कल पाहून 'रोग मागे सरकला' असा समज करून घेणे स्वाभाविक आहे, पण त्याचे कारण एवढेच असते.

मग हा समज इतका घट्ट बसला कसा? याचे उत्तर स्तनाच्या कर्करोगात सापडते. तेथे पुष्कळदा शस्त्रक्रिया, नंतर किमोथेरपी आणि शेवटी किरणोपचार असा क्रम असतो. किमोथेरपीचे औषध रक्तावाटे साऱ्या शरीरात जाते, आणि या रोगात वापरली जाणारी डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल यांसारखी औषधे डोक्याचे जवळजवळ सर्व केस, पुष्कळदा भुवया व पापण्यांचे केसही घालवितात. पुढे किरणोपचार सुरू होतो तेव्हा बाईच्या डोक्यावर पदर किंवा स्कार्फ असतो. गावातल्या शेजारणीस दिसते ते एवढेच, की 'शेकाला जाते आणि केस गेलेले आहेत'. दोन गोष्टी एका दमात सांगितल्या जातात आणि पहिली दुसरीचे कारण ठरते. वास्तविक त्याच आठवड्यांत, छातीवर किरण चालू असताना, तिच्या डोक्यावर बारीक लव पुन्हा फुटत असते. किरणांनी जातात ते फार तर त्या बाजूच्या काखेतील केस. पुरुषाच्या छातीवर किरण दिले तर तेथील केस जातात, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

किरण आणि केस यांचा हा संबंध क्ष-किरणांच्या शोधाइतकाच जुना आहे. रंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण शोधले. त्यानंतर काही महिन्यांतच, १८९६ साली, अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉन डॅनियल या प्राध्यापकांनी एका मुलाच्या डोक्यात शिरलेली बंदुकीची गोळी शोधता येईल का, याची आधी चाचणी घ्यावयाचे ठरविले. विल्यम डडली या त्यांच्या सहकाऱ्याने त्यासाठी स्वतःचे डोके पुढे केले. किरण तासभर दिले गेले. छायाचित्र मनासारखे निघाले नाही. पण एकवीस दिवसांनी डडली यांच्या डोक्यावरील जेथे किरण पडले होते तेवढ्याच भागातील केस गळून पडले. त्याच वर्षी व्हिएन्नातील डॉक्टर लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरील केसाळ डाग घालविण्यासाठी हेच किरण मुद्दाम वापरले. किरणांचा उपचार म्हणून झालेला हा अगदी आरंभीचा वापर आणि तोही केस घालविण्यासाठीच. पुढे डोक्यातील नायट्यावर मुलांचे केस किरणांनी घालवून औषध लावण्याची पद्धत अनेक देशांत काही दशके रूढ होती. त्या मुलांपैकी काहींना मोठेपणी अन्य विकार जडल्याचे आढळले आणि योग्य औषधेही निघाली, तेव्हा ती पद्धत बंद पडली. डडली यांच्या डोक्याने मात्र तीन गोष्टी पहिल्याच वेळी सांगून टाकल्या होत्या : केस लगेच जात नाहीत, सुमारे तीन आठवड्यांनी जातात, जेथे किरण पडले तेथलेच जातात, आणि दुखत नाही.

तीन आठवडेच का, हे समजण्यासाठी केसाच्या मुळाकडे पाहावे लागते. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांपैकी शेकडा ८५ ते ९० केस कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, उरलेले विश्रांती घेत असतात आणि गळण्याच्या वाटेवर असतात. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगी माणसाचेही चालू खात्यावरील नेहमीचे वजावट आहे. वाढीच्या अवस्थेतील केसाच्या मुळाशी पेशींचे विभाजन अतिशय वेगाने चालते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो तो त्यामुळेच. किरणांचा मारा सर्वांत अधिक बसतो तो विभाजन पावणाऱ्या पेशींवर. कर्करोगाच्या पेशी त्यांतल्याच, म्हणून हा उपचार चालतो. केसांच्या मुळांतील पेशीही त्यांतल्याच, म्हणून त्या बिचाऱ्या सापडतात. मुळाशी काम थांबले तरी आधी तयार झालेला केस त्वचेतून वर येत राहतो. कमजोर झालेला भाग वर येईपर्यंत दोन-तीन आठवडे लोटतात आणि मग केस कंगव्यात, उशीवर, आंघोळीच्या पाण्यात पुंजक्यांनी येऊ लागतात.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते आणि ती रुग्णाच्या घरच्यांनी आधीच जाणून घ्यावी. रोग मेंदूत पसरला असेल तर संपूर्ण मेंदूवर किरण देण्याचा उपचार पुष्कळदा एक किंवा दोन आठवड्यांतच पूर्ण होतो. रुग्ण केसांसह घरी येतो, सर्वांना हायसे वाटते, आणि मग आठवडाभरात केस गळू लागतात. 'उपचार संपला होता, मग हे नवे काय?' म्हणून घरात घबराट होते. हे नवे काही नाही. पेरणी आधी झाली होती, उगवले आता. तसेच केस गेले म्हणजे औषध लागू पडले, किंवा केस टिकले म्हणजे उपचार फुकट गेला, असेही काही नाही. या दोहोंचा रोगाच्या बरे होण्याशी संबंध नाही.

आता ज्यांच्या डोक्यावरच किरण द्यावयाचे आहेत त्यांच्याबद्दल. त्यांची भीती रास्त आहे आणि तिला गोड बोलून झाकण्यात अर्थ नाही. केस जातील. परत येतील की नाही, हे बहुतांशी मुळांना किती मात्रा पोहोचली यावर अवलंबून राहते. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एखाद्या हप्तेबंदीप्रमाणे ती रोज थोडी थोडी देऊन एकूण बेरीज पूर्ण केली जाते. संपूर्ण मेंदूवरील उपचारात प्रचलित मात्रा म्हणजे दहा दिवसांत ३० ग्रे किंवा पाच दिवसांत २० ग्रे. या मात्रेनंतर बहुतेकांचे केस परत येतात. मेंदूतच उद्भवलेल्या काही गाठींना मात्र सहा आठवड्यांत ६० ग्रेपर्यंत मात्रा द्यावी लागते. तेथे गाठीच्या जवळच्या त्वचेवर केस कायमचे विरळ होण्याची किंवा चट्ट्यापुरते न येण्याची शक्यता राहते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की केसांच्या मुळांपर्यंत सुमारे ४३ ग्रे पोहोचले तर निम्म्या रुग्णांत केस कायमचे जातात. येथे लक्षात घ्यावे की गाठीला ६० ग्रे मिळाले म्हणजे त्वचेलाही ६० मिळाले असे नाही. किरण वेगवेगळ्या दिशांनी आणून गाठीवर एकत्र केले जातात. प्रत्येक दिशेच्या त्वचेवर त्यातला वाटा पडतो. म्हणून टक्कल पडते तेही सरसकट नसून पट्ट्यांचे किंवा गोल चकत्यांचे असते, आणि कधी कधी गाठ उजवीकडे असताना डावीकडचे केसही विरळ होतात.

यंत्राचाही फरक पडतो. कोबाल्ट यंत्राच्या किरणांचा पूर्ण जोर त्वचेखाली साधारण अर्ध्या सेंटिमीटरवर लागतो, तर लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर या यंत्राच्या नेहमीच्या ६ एमव्ही किरणांचा दीड सेंटिमीटरवर. केसांची मुळे त्वचेखाली काही मिलिमीटरवर असतात. त्यामुळे पहिल्या यंत्रात ती पूर्ण जोराच्या जवळ येतात, दुसऱ्यात थोडी बचावतात. तथापि केवळ केसांसाठी दूरच्या शहरातील अमुक यंत्रच हवे असा आग्रह धरणे आणि त्यापायी महिना दोन महिने घालविणे, हे आमच्या मते शहाणपणाचे नाही. कोबाल्ट यंत्रांनी या देशातील लक्षावधी गरीब रुग्णांना आधार दिला आहे आणि आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनविलेले भाभाट्रॉन हे त्याच जातीचे यंत्र आहे. केसांबाबत काही करता येण्याजोगे असेल तर ते यंत्रात नसून नियोजनात असते. रोगाला पोहोचणाऱ्या मात्रेत तडजोड न होता त्वचा वाचविता येत असेल तर किरणोपचार तज्ज्ञ तसा प्रयत्न करतात. त्यांना तसे विचारण्यात गैर काही नाही.

उपचारापूर्वी करावयाची एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. डोक्यावर किरण देताना रुग्णाचे डोके रोज त्याच स्थितीत राहावे म्हणून प्लास्टिकच्या जाळीचा एक साचा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवितात. थंड झाल्यावर तो त्याच आकारात घट्ट होतो. हा साचा घेण्याच्या वेळी डोक्यावर जाड अंबाडा असेल आणि पुढे केस गेले किंवा कापले, तर साचा सैल पडतो व पुन्हा करावा लागतो. यास्तव केस आखूड करावयाचे असतील तर ते साचा घेण्यापूर्वी करावेत. लांब केस पुंजक्यांनी गळताना पाहण्यापेक्षा आधीच आखूड केलेले केस गळणे मनालाही सोसवते, असे अनेक भगिनींचे म्हणणे आहे. कात्रीने किंवा केस कापण्याच्या यंत्राने कापावेत, वस्तऱ्याने गोटा करू नये. वस्तऱ्याची बारीक जखम किरणांखाली चिघळते. दाढीचेही तसेच.

उपचार चालू असताना किरण पडणाऱ्या भागाला चोळू नये. साध्या कोमट पाण्याने, सौम्य शांपूने हलक्या हाताने धुवावे. आपल्याकडे खोबरेल तेल हे केसांच्या प्रत्येक तक्रारीवरचे उत्तर मानले जाते आणि एरवी त्यात काही वावगे नाही. परंतु या आठवड्यांत तेल, माक्याचा किंवा जास्वंदीचा लेप, कांद्याचा रस, लिंबू, मेंदी, कलप यांपैकी काहीही तेथील डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. त्वचा आधीच भाजल्यासारखी हळवी झालेली असते. त्वचेवर खुणेसाठी केलेल्या शाईच्या रेषा असतील तर त्या पुसू देऊ नयेत. उन्हात जाताना सुती कापड डोक्यावर घ्यावे. किमोथेरपीच्या वेळी केस वाचविण्यासाठी डोके गार ठेवणारी टोपी काही मोठ्या रुग्णालयांत वापरतात. किरणांवर तिचा उपाय चालत नाही, तेव्हा त्यासाठी पैसे खर्चू नयेत. विस्तवावरून उतरविलेल्या, मंतरलेल्या आणि टपालाने येणाऱ्या तेलांबद्दल वेगळे लिहिण्याची गरज नसावी.

एवढे शास्त्र झाल्यावरही मूळ प्रश्न पुरता सुटत नाही, हे प्रशासकाच्या खुर्चीत बसून चांगलेच कळते. केस हा आपल्या समाजात केवळ सौंदर्याचा विषय कधीच नव्हता. विधवेचे केशवपन करण्याची चाल ज्या घराण्यांत होती तेथे बाईचे उघडे डोके म्हणजे तिचे कुंकू पुसले गेल्याची खूण होती, आणि 'बोडकी' ही शिवी होती. १८९० साली मुंबईतील नाभिक बांधवांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निश्चय केला. आपल्या खाडीपलीकडच्या दापोली तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्याच मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. ती चाल गेली. पण तिची सावली पुरती गेलेली नाही. आज सत्तरीत असलेल्या आपल्या आयांच्या लहानपणी आलवणातल्या आज्या घरात होत्या. नवरा समोर बसलेला असताना आपले डोके उघडे होणार, ही कल्पना अशा बाईला रोगाहून अभद्र वाटते. ती हे शब्दांत सांगत नाही. ती म्हणते, "पावसाळा होऊ दे, मग बघू."

पुरुषांचीही अडचण असते, निराळी. आपल्याकडे आईवडील गेले की मुलगा डोके भादरतो. मेंदूवर किरण घेऊन आलेला माणूस गुहागरच्या स्थानकावर उतरला की ओळखीचा पहिला माणूस विचारतो, "कोण गेलं?" मग तिथेच, सामान हातात घेऊन, आपल्या आजाराची कथा सांगत उभे राहावे लागते. मुस्लिम वस्तीतील भगिनींचे डोके बाहेर झाकलेले असते म्हणून त्यांना हा त्रास नाही असे वरवर वाटते. पण आरसा सर्वांच्या घरात असतो.

मुंबईत राहून उपचार घेणाऱ्या रुग्णांकडून एक गोष्ट वारंवार कळते. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात किंवा दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहताना केसांचे दुःख फारसे जाणवत नाही. तेथे उघडी डोकी पुष्कळ असतात, कोणी वळून पाहत नाही, बायका एकमेकींना स्कार्फ बांधायला शिकवितात. जड जाते ते परत येणे. म्हणून घरच्यांनी व शेजाऱ्यांनी काय करावे, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर असे, की पहिल्या भेटीत केसांबद्दल बोलूच नये. जेवणाखाण्याची, प्रवासाची चौकशी करावी.

केसांचा टोप वापरावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. 'गंगावन' हा शब्द आपल्या आज्यांना ठाऊक होता. दुसऱ्याचे केस आपल्या वेणीत गुंफण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. खऱ्या केसांचा टोप महाग असतो, कृत्रिम धाग्यांचा पुष्कळ स्वस्त. गमतीची गोष्ट अशी की जगातील खऱ्या केसांच्या व्यापारात भारताचा वाटा फार मोठा आहे. तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो आणि देवस्थानाला त्यातून कोट्यवधींचे उत्पन्न मिळते. त्या देशातील कर्करोगाच्या गरीब बाईला मात्र टोप विकत घेणे परवडत नाही, ही बाब वाणिज्याच्या विद्यार्थ्याला खटकल्यावाचून राहत नाही. दान केलेल्या केसांचे टोप मोफत देणाऱ्या काही संस्था मोठ्या शहरांत काम करतात. उपचाराच्या ठिकाणी समाजसेवा विभागात चौकशी केल्यास त्यांचा पत्ता मिळतो. टोप घ्यावयाचाच असेल तर केस जाण्यापूर्वी जाऊन माप, रंग व वळण जुळवून घ्यावे. कोकणातल्या दमट उन्हात तो दिवसभर डोक्यावर ठेवणे कठीण जाते, किरण लागलेली त्वचा बरी होईपर्यंत तर नकोच. बहुतेक भगिनी शेवटी सुती स्कार्फ आणि पदर यांवरच येतात.

हे सारे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण केस नव्हे, दिवस आहे. किरणोपचारात दिवसांचा हिशेब फार काटेकोर असतो. गर्भाशयमुखाच्या रोगात बाहेरचे व आतले किरण मिळून सर्व उपचार साधारणतः आठ आठवड्यांत पुरा व्हावा असा दंडक आहे. त्यापुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एका टक्क्याने घटते, असे अनुभवांती दिसून आले आहे. मधल्या काळात राहिलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. तोंडाच्या व मानेच्या रोगातही उपचार मध्येच थांबविण्याची किंमत अशीच भरावी लागते. लग्न, गणपती, शिमगा, भातलावणी यांसाठी रुग्ण चार-आठ दिवस गावी येतात आणि ते समजण्यासारखे आहे. पण शेजारणीच्या एका वाक्याने घाबरून, जे केस जाणारच नव्हते त्यांच्यासाठी, जर एखादी बाई दहा दिवस घरी बसली, तर तो तोटा पुढे कोणत्याही मार्गाने भरून निघत नाही.

डोक्यावर किरण घेतलेल्यांना पुढे काय अपेक्षा ठेवावी, तेही सांगतो. उपचार संपल्यानंतर साधारण तीन ते सहा महिन्यांत नवे केस दिसू लागतात. ते प्रथम मऊ, बारीक, कधी कुरळे, कधी वेगळ्या छटेचे असतात. सरळ केसांच्या बाईला कुरळे केस आल्याचे पाहून घरात थोडी गंमतही होते. एका बाजूला लवकर, दुसऱ्या बाजूला उशिरा असे होऊ शकते. दाढीबाबतही हाच क्रम, परंतु तोंडाच्या रोगात मात्रा मोठी असल्याने गालाचा काही भाग कायमचा गुळगुळीत राहणे सामान्य आहे. वर्षभराने जेथे केस आले नाहीत तेथे पुढे ते येण्याची आशा कमी असते. अलीकडे मिनॉक्सिडिल या औषधाचा अशा रुग्णांपैकी काहींना उपयोग झाल्याचे आढळले आहे. ते त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच आणि त्वचा पूर्ण बरी झाल्यावर वापरावे, दुकानातून परस्पर आणू नये. लहान चट्टा असेल तर आजूबाजूच्या केसांचे वळण बदलून तो झाकता येतो, आणि हे काम औषधवाल्यापेक्षा जाणता केशकर्तनकार चांगले करतो.

शेवटी कार्यालयीन सूचना. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश आहे आणि कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठी जाताना सोबतीसह रेल्वे भाड्यात सवलत मिळते. दोन्हींचे नमुने कार्यालयात उपलब्ध आहेत. उपचार पूर्ण झाल्यावर तेथील रुग्णालय एक सारांशपत्र देते. शरीराच्या कोणत्या भागावर, एकूण किती ग्रे मात्रा, किती दिवसांत दिली, हे त्यात लिहिलेले असते. पुढे कधीही किरणोपचाराची पुन्हा गरज भासली, त्वचेची किंवा केसांची तक्रार उद्भवली, तर डॉक्टर प्रथम तोच कागद मागतात. पावसाळ्यात कोकणातल्या घरांत कागदांचे काय होते ते सर्वांस ठाऊक आहे. तरी रुग्णांनी सारांशपत्राची एक छायाप्रत आपल्या कार्यालयात आणून द्यावी. ती रुग्णाच्या नावाने स्वतंत्र धारिकेत जतन केली जाते व मागताक्षणी, विनाशुल्क, परत काढून दिली जाते.